वीजदर ठरतो कुठे आणि बोलायचं कुठे : गावाकडच्या नवख्या ग्राहकासाठी

उन्हाळा लागला की माझ्या चक्कीवर दर वर्षी हेच बोलणं होतं. गिऱ्हाईक भाव ऐकून विचारतं, ‘‘काहून भाऊ, दळण महाग केलं?’’ मी म्हणतो, ‘‘लाइन महाग झाली.’’ मग पुढचा प्रश्न येतो, ‘‘लाइन कोनं महाग केली?’’

याचं उत्तर ओट्यावर बसलेल्या पाच जणांकडून पाच प्रकारचं मिळतं. कोणी सरकारचं नाव घेतो, कोणी ‘बोर्डा’चं. बोर्ड मोडून वीस वर्षं झाली, पण आमच्या यवतमाळकडे वीज कंपनीला आजही बोर्डच म्हणतात. एखादा लाइनमनवर खापर फोडतो. त्या गरिबाच्या हातात पकड असते, दर नसतो. मीही कैक वर्षं तालुक्याच्या ऑफिसात जाऊन तिथल्या साहेबांशी दरावरून हुज्जत घातली. पुढे कळलं, तो दर त्या साहेबांच्या घरीही तोच लागतो आणि बदलायचा अधिकार त्यांनाही नाही.

ज्यांनी नुकतंच मीटर घेतलंय, वावरात मोटर बसवलीय, दुकान टाकलंय किंवा ग्रामपंचायतीत निवडून आलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी दार ओळखा

ग्रामीण विदर्भात वीज वाटायचा परवाना महावितरणकडे आहे. जुनं वीज मंडळ जून २००५ मध्ये मोडलं आणि त्यातून वीज तयार करणारी महानिर्मिती, उच्च दाबाने वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर पोचवणारी महावितरण अशा कंपन्या निघाल्या. आपला संबंध शेवटच्या कंपनीशी.

दर मात्र महावितरण ठरवत नाही. ती मागते. मंजूर करतो तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. हा १९९९ पासून आहे, कचेरी मुंबईत, अध्यक्ष धरून तीन सदस्य. त्याचे अधिकार आज विद्युत अधिनियम, २००३ मधून येतात. कंपनीचा प्रस्ताव तपासायचा, लोकांचं ऐकायचं आणि आदेश काढायचा, हे आयोगाचं काम.

मग सरकार कुठे येतं? दोन ठिकाणी. बिलावरचं वीज शुल्क सरकारचं असतं, घरगुती बिलावर ते १६ टक्के लागतं. त्यावर आयोगापुढे कितीही बोललात तरी फरक पडणार नाही, कारण तो कर आहे. दुसरं अनुदान. सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त किंवा फुकट वीज द्यायची असेल तर अधिनियमाच्या कलम ६५ प्रमाणे फरकाची रक्कम सरकारने कंपनीला आगाऊ भरायची असते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून जी मोफत वीज मिळते, ती याच वाटेने. तुमच्या मोटरचं बिल शून्य दिसतं म्हणून त्या विजेला दर नाही असं समजू नका. दर आयोगाने लावलेलाच असतो, फक्त तो भरणारा खिसा बदललेला असतो.

आणि नगर परिषद, ग्रामपंचायत? विजेच्या दरात त्यांना काही हात नाही. अमेरिकेत काही ठिकाणी असतो. न्यू ऑर्लिन्सची नगर परिषद शहराच्या वीज कंपनीचे दर स्वतः मंजूर करते. आपल्याकडे नगराध्यक्षही आयोगापुढे तुमच्या-माझ्यासारखाच अर्जदार. पाण्याचं मात्र उलटं आहे, त्यावर शेवटी येतो.

बिल उलगडून वाचा

आपण बिलाची एकच ओळ पाहतो, एकूण रक्कम. एकदा शांतपणे बसून वरून खाली बोट फिरवा.

बारा अंकी ग्राहक क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक कागदावर लागेल. मग दराचा वर्ग बघा: घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक, शेती, सार्वजनिक पाणीपुरवठा, पथदिवे. माझी चक्की औद्योगिकमध्ये मोडते, शेजारचं किराणा दुकान वाणिज्यिकमध्ये. वर्ग चुकीचा असेल तर दर कितीही न्याय्य असो, तुमचं नुकसान होणारच. घराच्या पडवीत शिलाई मशीन किंवा छोटं दुकान असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, वर्षाला ३६०० च्या आत असेल, तर घरगुती दरच लावायची सोय आयोगाच्या दरपत्रकात आहे. चालू आदेशात आपल्या वर्गाखालची टीप एकदा वाचा आणि मगच वेगळ्या मीटरचा खर्च करा.

त्याखाली आकार येतात. वीज जाळा की न जाळा, मीटर आहे म्हणून लागतो तो स्थिर आकार. युनिटवर लागतो तो वीज आकार आणि घरगुती बिलात तो टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यावर चौथा. तारांमधून वीज आणायचं भाडं म्हणजे वहन आकार. कोळसा आणि बाहेरून घेतलेली वीज मंजूर अंदाजापेक्षा महाग पडली की मधूनच इंधन समायोजन आकार डोकावतो. हा महिन्यागणिक बदलतो. ‘दर वाढला नाही म्हणता, मग बिल कसं वाढलं?’ याचं उत्तर बहुतेक वेळा याच ओळीत सापडतं.

गावात एक चूक सर्रास होते. बिल जास्त आलं की ‘दरवाढ झाली’ अशी बोंब उठते. आधी युनिट बघा. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी ताडून पाहा. युनिट वाढले असतील तर गोष्ट मीटरची किंवा वापराची आहे, दराची नाही. दोन्हींची दारं वेगळी.

रुपये निघतात कुठून

हे समजलं नाही तर हरकत लिहिता येत नाही, म्हणून जरा थांबून हिशेब करू. आकडे समजायला सोपे घेतलेत, खरे नाहीत.

समजा कंपनीने १०० युनिट ५ रुपयांनी विकत घेतले. झाले ५०० रुपये. तारा, माणसं, दुरुस्ती, कर्जाचं व्याज, घसारा आणि भांडवलावरचा परतावा मिळून १८० रुपये. एकूण ६८०. आता हे १०० युनिट तुमच्यापर्यंत सगळे पोचत नाहीत. काही तारांत तापून जातात, काही तारेवर आकडा टाकून चोरीला जातात, काही मीटरने मोजलेच जात नाहीत. १५ गेले असं धरा. विकायला उरले ८५. ६८० भागिले ८५, म्हणजे युनिटला सरासरी ८ रुपये. हानी १५ ऐवजी २० झाली तर तेच ६८० रुपये ८० युनिटांवर बसतात आणि दर होतो साडेआठ. कोळसा महागला नाही, पगार वाढला नाही, तरी पन्नास पैसे वाढले.

कंपनी आयोगाकडे जी मागणी नेते ती हीच, फक्त हजारो कोटींत. तिला वार्षिक महसुली गरज म्हणतात आणि तिच्यात सगळ्यात मोठा वाटा वीजखरेदीचा असतो. आयोग एकेक बाब तपासतो. हानीचं उद्दिष्ट ठरवून देतो आणि कंपनी त्यात नापास झाली तर जादा हानीचा सगळा बोजा ग्राहकावर टाकू देत नाही. मागच्या वर्षांचा हिशेब जुळवताना काही शिल्लक किंवा तूट निघाली तर तीही पुढच्या दरात शिरते. मग ही सरासरी वर्गांमध्ये वाटली जाते: उद्योग आणि दुकानं सरासरीच्या वर, शेती आणि गरीब घरं खाली. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. माझी चक्की शेजाऱ्याच्या मोटरला थोडा हात देते. मला त्याचं वाईट वाटत नाही, गिऱ्हाईक तोच आहे.

चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, तिरोड्याचं ३३०० मेगावॉटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा, पारस. राख आमच्या अंगणात, मग वीज आम्हाला स्वस्त का नाही, हा प्रश्न विदर्भात प्रत्येक सभेत निघतो. दुखणं खरं आहे. पण दराच्या रचनेत त्याला जागा नाही: महावितरणचा ग्राहक सिरोंच्याचा असो की पुण्याचा, एका वर्गाला एकच दर. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना जी सवलत मिळाली ती सरकारच्या अनुदानातून, आयोगाच्या दरातून नाही. म्हणून ही मागणी आमदारांपुढे मांडा. आयोगापुढच्या पाच मिनिटांत ती मांडून वेळ घालवू नका.

गावाकडचा आकडा

आता गावाचा माणूस जे सांगू शकतो आणि मुंबईचा सल्लागार सांगू शकत नाही, ते.

बऱ्याच शेतीपंपांना मीटर नाही. बिल अश्वशक्तीवर. या पंपांनी वर्षाला किती वीज ओढली हा आकडा अंदाजाने धरावा लागतो. अंदाज फुगला की काय होतं बघा: जी वीज खरं तर गळतीत गेली ती ‘शेतीला दिली’ असं कागदावर दिसतं. हानी कमी दिसते, अनुदानाचा आकडा मोठा दिसतो आणि शेतकऱ्याला उगाच फुकट्या म्हटलं जातं. हा वाद जुना आहे. आयोगाने त्यासाठी कार्यगटही नेमला होता.

तुम्ही तुमच्या वावराचा हिशेब करा. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे ३.७३ किलोवॅट. गहू-हरभऱ्याला रब्बीत समजा ६० दिवस पाणी दिलं, दिवसाला सरासरी सहा तास. झाले ३६० तास. गुणिले ३.७३, म्हणजे साधारण १३४३ युनिट. मोटर जुनी, गुंडाळलेली असेल तर थोडे जास्त धरा. संत्र्याचा बगीचा असेल तर उन्हाळा वेगळा मोजा. लाइन रात्री येते की दिवसा, आठ तास म्हणतात त्यातले खरे किती, व्होल्टेज नसल्याने मोटर किती दिवस उचललीच नाही, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा. दूध आणि गॅस लिहितो तसं. एका फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघालेल्या एकाच लाइनवरच्या, दहा शेतकऱ्यांची अशी कॅलेंडरं एकत्र केली तर तो पुरावा होतो. ‘शेतकऱ्यावर अन्याय होतो’ हे वाक्य पुरावा होत नाही.

जाहिरातीवर डोळा ठेवा

कंपनीला दर वाढवायचे असतील किंवा पुढच्या काही वर्षांचे ठरवून घ्यायचे असतील तर ती आयोगात याचिका करते. कलम ६४ प्रमाणे तिला ती जाहीर करावी लागते आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला दराचा आदेश काढता येत नाही. आदेशासाठी कायद्यात १२० दिवसांची मुदत आहे.

जाहिरात मराठी आणि इंग्रजी दैनिकांत येते, बारीक अक्षरात, निविदा आणि शोकसंदेशांच्या मधोमध. पहिल्या वेळी मला ती सापडली भज्याच्या पुडक्यावर. तेल टिपलेलं, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. हरकतीची मुदत संपून चार दिवस झाले होते. तेव्हापासून वाचनालयात पेपर लावणाऱ्या पोऱ्याला सांगून ठेवलंय: ‘विद्युत नियामक आयोग’ आणि ‘जाहीर सूचना’ हे शब्द एकत्र दिसले की पान बाजूला काढ. तुमच्याकडे वाचनालय नसेल तर हिवाळ्यात दर आठवड्याला आयोगाचं आणि महावितरणचं संकेतस्थळ उघडून बघा. नवे दर बहुधा १ एप्रिलपासून लागायचे असतात, म्हणून जाहिराती आणि सुनावण्या त्याआधीच्या थंडीत पडतात.

जाहिरातीतून चार गोष्टी उतरवून घ्या: प्रकरण क्रमांक, हरकतीची शेवटची तारीख, सुनावणीचं ठिकाण आणि कागद मिळायची जागा. मूळ याचिका शेकडो पानांची असते, ती वाचायच्या फंदात पडू नका. मराठीत सारांश निघतो. त्यात आपल्या वर्गाचा सध्याचा आणि प्रस्तावित दर, हानीचा आकडा आणि शेतीचा धरलेला वापर, एवढं शोधा.

हरकत एका पानाची

लांबलचक निवेदनाची गरज नाही. वकील लागत नाही. भाषा मराठी चालते. माझ्या दुसऱ्या वेळच्या अर्जाचा साचा असा होता:

*प्रति, सचिव, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई.*
*विषय : प्रकरण क्रमांक … मधील दरप्रस्तावावर हरकत.*
*मी … , मु. पो. … , ता. … , जि. यवतमाळ. ग्राहक क्रमांक … , वर्ग : लघुदाब औद्योगिक, जोडभार १० अश्वशक्ती, पिठाची चक्की.*
*माझी चक्की दिवसाला सरासरी चार तास चालते, कारण गावात दळण तेवढंच येतं. प्रस्तावात स्थिर आकार वाढवला आहे. माझ्या गेल्या बारा बिलांत स्थिर आकार एकूण बिलाच्या … टक्के होता, प्रस्तावाप्रमाणे तो … टक्के होईल. कमी तास चालणाऱ्या ग्रामीण उद्योगावर हा बोजा युनिटदराच्या वाढीपेक्षा जास्त पडतो. बारा बिलांचा तक्ता जोडला आहे.*
*विनंती : लहान जोडभाराच्या ग्राहकांचा स्थिर आकार वाढवू नये.*
*मला सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे आहे.*

शेवटची ओळ विसरू नका. आणि विनंती एकच ठेवा. एका अर्जात रस्त्यावरचा दिवा, वाकलेला खांब, थकबाकी आणि दरवाढ असं सगळं कोंबलं की उत्तर कशालाच मिळत नाही. अर्जाची एक प्रत कंपनीलाही द्यावी लागते. कुठल्या पत्त्यावर आणि कशी, ते जाहिरातीत असतं. कंपनीने तुमच्या हरकतीला लेखी उत्तर द्यायचं असतं. ते आलं की जपून ठेवा, सुनावणीत त्यावरच बोलायचं.

सुनावणी

विदर्भात सुनावणी अमरावती आणि नागपूरला होत आली आहे. सकाळची एसटी धरा. वर टेबलाशी आयोग, एका बाजूला कंपनीचे अधिकारी, समोर खुर्च्या. आधी कंपनी पडद्यावर आपला प्रस्ताव दाखवते. मग ग्राहक प्रतिनिधी बोलतात. कलम ९४ खाली आयोग काही संस्थांना असं अधिकृत प्रतिनिधी नेमतो. पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन ही त्यातली नावं. त्यांची भाषणं कान देऊन ऐका, आकडे कसे मांडायचे ते तिथे फुकट शिकायला मिळतं. मग एकेकाचं नाव पुकारतात.

माझी पहिली सुनावणी अशी झाली. पिशवीत सहा वर्षांची बिलं. उभा राहिलो आणि माझ्या जुन्या थकबाकीची कहाणी सुरू केली. दोन मिनिटांनी समोरून शांतपणे सांगण्यात आलं की ही वैयक्तिक तक्रार आहे, तिच्यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, इथे प्रस्तावावर बोला. प्रस्ताव मी वाचलाच नव्हता. खाली बसलो. चूक माझीच होती. परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन दीडशे किलोमीटर मनातल्या मनात तेच भाषण पुन्हा केलं.

दुसऱ्या वेळी एकच कागद नेला. नाव, गाव, वर्ग, एक आकडा, एक विनंती. तीन मिनिटांत झालं. आयोगाच्या एका साहेबांनी मान वर करून टिपून घेतलं. आदेश आला तेव्हा त्यात ‘सूचना आणि हरकती’ या भागात माझा मुद्दा, त्यावर कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत अशा तिन्ही गोष्टी छापलेल्या होत्या. मागणी पूर्ण मान्य झाली नाही. पण गावातल्या पोरांना ते पान दाखवलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा पटलं की तिथे बोललेलं कोणी तरी लिहून घेतं.

सभागृहात गावाकडची माणसं मोजकी असतात, हे मात्र मला खटकतं. उद्योगवाले फायली घेऊन येतात. कापूस वेचायचा सोडून कोण येणार, हेही खरंच. म्हणून चार गावांनी मिळून एक माणूस पाठवा आणि त्याचं तिकीट वर्गणीतून काढा.

आदेश आला, पुढे काय

आदेश लागू कधीपासून ते पाहा आणि लगेच विश्वासही ठेवू नका. २०२५ चंच उदाहरण घ्या. प्रकरण २१७/२०२४ मध्ये आयोगाने २८ मार्चला पाच वर्षांचा आदेश दिला. कंपनीच्या अर्जावर एप्रिलच्या सुरुवातीला त्याला स्थगिती मिळाली. मग २५ जूनला फेरविचाराचा आदेश निघाला आणि १ जुलैपासून नवे दर लागले. तीन महिन्यांत दोन दरपत्रकं. फेरविचार करताना ग्राहकांचं पुन्हा ऐकून घेतलं नाही, ही त्यावरची मोठी तक्रार होती आणि माझ्या मते ती रास्त होती. आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं. ते एकट्या चक्कीवाल्याचं काम नाही, संघटनेला गाठा.

तुमची तक्रार दराची नसून तुमच्या बिलाची, मीटरची, जोडणीची असेल तर वाट जवळची आहे. आधी तालुक्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद नाही लागली तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच; घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल, त्यांची एक कचेरी नागपूरला आहे. तीन गोष्टी पाठ ठेवा. वीज तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम, जर ती सतत थकबाकी म्हणून बिलात दाखवली नसेल, तर कलम ५६ प्रमाणे वसूल करता येत नाही. आणि ग्रामीण भागात जळालेली डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, बदलायला ४८ तासांचं बंधन आहे. जळाली त्याची वेळ, तक्रार नोंदवल्याची वेळ आणि नंबर लिहून ठेवले तरच त्या ४८ तासांना अर्थ.

फ्रेंचायझी येणार अशी आवई उठली तर

दर दोन-तीन वर्षांनी ही बातमी गावात फिरते आणि पाठोपाठ ‘आता मीटर पळणार’ ही भीती. आधी फरक समजून घ्या. परवानाधारक वेगळा, फ्रेंचायझी वेगळी. अधिनियमाप्रमाणे फ्रेंचायझी म्हणजे परवानाधारकाने आपल्या वतीने एखाद्या भागात वीज वाटायला नेमलेला माणूस किंवा कंपनी. तिला आयोगाचा वेगळा परवाना लागत नाही, म्हणूनच जबाबदारी परवानाधारकाच्या गळ्यातून सुटत नाही. वावरातलं पीक बटईने दिलं तरी सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, तसंच हे.

व्यवहार असा चालतो. निविदा निघते. भागाच्या वेशीवर मोजून दिलेल्या प्रत्येक युनिटमागे फ्रेंचायझी मूळ कंपनीला ठरलेला भाव देते आणि ग्राहकाकडून आयोगाच्या दराने वसूल करते. तिची कमाई दर वाढवून होत नाही, तो हक्कच तिला नाही. गळती कमी आणि वसुली जास्त, यातून होते. त्यामुळे ती आली की आकडे उतरतात, जुने मीटर बदलतात, थकबाकीचा तगादा वाढतो. मीटर पळतं असं वाटतं त्याचं कारण बरेचदा जुनं मीटर रेंगाळत होतं, हे असतं. तरी शंका आली तर मीटर तपासणीचा अर्ज करा, मंच आणि लोकपाल फ्रेंचायझीच्या भागालाही लागू आहेत.

राज्यात पहिला प्रयोग भिवंडीत जानेवारी २००७ मध्ये झाला, तो चालू आहे. नागपूर शहराचे सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग हे तीन विभाग मे २०११ मध्ये फ्रेंचायझीकडे गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणकडे परत आले. औरंगाबाद आणि जळगावचे करारही मुदतीआधीच संपले. मालेगावात २०२० पासून नवी फ्रेंचायझी आहे. या सगळ्या ठिकाणी युनिटचा दर आयोगाचाच राहिला.

गावाच्या पातळीवर एक वेगळीच तऱ्हा आहे. २०१६ मध्ये राज्याने ग्रामविद्युत व्यवस्थापकाची योजना आणली. त्यात ग्रामपंचायतच महावितरणची फ्रेंचायझी होते आणि आयटीआय झालेला गावचा मुलगा रीडिंग, बिलवाटप आणि किरकोळ दुरुस्ती बघतो. कल्पना मला आवडते. पण ठराव घेण्यापूर्वी सरपंचांनी तीन प्रश्न विचारावेत: मोबदला कोण आणि कधी देणार, खांबावर चढताना अपघात झाला तर विमा कोणाचा, आणि डीपी उडाली तर तिची जबाबदारी करारात कोणाकडे लिहिली आहे.

पाणीपट्टी

विजेसाठी अमरावती गाठावी लागते. नळाच्या पाण्यासाठी चावडीपर्यंत गेलं की पुरे. गावातली पाणीपट्टी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली ग्रामपंचायतच ठरवते. नगर परिषदेच्या गावात परिषदेचा ठराव लागतो. नागपुरात नळयोजना ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी चालवते, पण तिथेही दर महापालिकेचा. धरणातल्या ठोक पाण्याचा भाव तेवढा राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं.

आणि इथेच दोन्ही बिलं एकमेकांना भिडतात. गावच्या पाण्याचा मोठा खर्च म्हणजे मोटरची वीज. समजा दहा अश्वशक्तीचा पंप रोज चार तास चालतो. ७.४६ गुणिले ४ गुणिले ३०, म्हणजे महिन्याला ८९५ युनिट. सहा रुपये धरले तर ५,३७१. पाणी सोडणाऱ्याला ५,०००. ब्लीचिंग, व्हॉल्व्ह, गळती यांना २,०००. एकूण १२,३७१. नळ १५० असतील तर महिन्याला घरामागे ८२-८३ रुपये, वर्षाला हजाराच्या आसपास. आता पट्टी ९० घरंच भरत असतील तर तोच खर्च घरामागे १३७ होतो, किंवा बिल थकतं आणि ऐन मे महिन्यात पंपाची लाइन कटते. मग बाया घागरी घेऊन विहिरीवर, आणि दोष पुन्हा लाइनमनला.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. कोरम १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. पाणीपट्टीचा विषय असलेल्या सभेआधी आठ दिवस ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचा ग्रामसेवक) लेखी कळवा की सभेत चार कागद हवेत: पंपाची गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं, नळधारकांची यादी, वसुलीचा तक्ता आणि दुरुस्तीची बिलं. पंपाच्या बिलावर वर्ग ‘सार्वजनिक पाणीपुरवठा’ असाच आहे ना, तो सगळ्यात आधी बघा. मग वरचा गुणाकार सभेतच, फळ्यावर करा. ठराव लिहून होईपर्यंत उठू नका. तुमचा मुद्दा इतिवृत्तात आलाय का ते वाचून पाहा, आणि मगच सहीच्या रकान्यात सही करा.